मस्कतची गाडी गुहागरला आणायची तर: कार्नेट, बंदर आणि डाव्या बाजूचं स्टिअरिंग

दर गणपतीत वाडीत कोणी ना कोणी विचारतंच, की तू ती ओमानची नंबरप्लेट असलेली गाडी इकडे चालवत होतास ती कशी काय, आम्हाला पण दुबईहून भावाची आणायचीय, ड्युटी भरावी लागते का, आरटीओ काही बोलत नाही का. प्रत्येकाला अर्धा तास सांगूनही काहीतरी राहूनच जातं, आणि राहिलेली गोष्ट नेमकी महागात पडणारी असते, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

माझं कारण साधं होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, मला साडेचार महिन्यांची बिनपगारी रजा, आणि बाबांची कित्येक वर्षांची इच्छा की उरणपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने एकदा सावकाश जायचं. बाबा ३२ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, हा सगळा रस्ता त्यांना पाठ, पण कधी थांबून बघितला नाही. पंधरा दिवस-महिन्याच्या सुट्टीसाठी कोणी विचारलं तर मी स्पष्ट सांगतो, नका आणू, इथेच गाडी भाड्याने घ्या. जहाजाचं भाडं, दोन्हीकडच्या एजंटचे पैसे, बँक गॅरंटीत अडकलेली रक्कम, हे सगळं तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला परवडत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. गाडी कायमची आणणं आणि पाहुणी म्हणून आणणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कायमची आणायची तर जुन्या गाडीला नियम असे की ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं, आणि वर ड्युटी जी लागते ती गाडीच्या किमतीच्या १०० टक्क्यांच्याही वर जाते. आखातातल्या जवळपास सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे विषय तिथेच संपला. आपण बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, ड्युटी न भरता तात्पुरती आणायची, चालवायची आणि परत न्यायची, आणि त्यासाठी जे कागदाचं पुस्तक लागतं त्याला म्हणतात कार्नेट, पूर्ण नाव कार्नेट द पासाज आं दुआन.

कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट असं सगळे सांगतात पण मला ते पटत नाही, पासपोर्ट हरवला तर दुसरा मिळतो, ड्युटी कोणी मागत नाही. कार्नेट म्हणजे जामीन आहे. तुम्ही राहता त्या देशातला ऑटोमोबाईल क्लब भारताच्या कस्टम्सला लिहून देतो की ही गाडी परत जाणार, नाही गेली तर ड्युटी आम्ही भरू, आणि क्लब ते पैसे तुमच्याकडून आधीच गॅरंटी म्हणून धरून ठेवतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे सगळे नियम आपोआप कळतात, कारण प्रत्येक नियम फिरून तिथेच येतो, गाडी परत जाणार हे दाखवता आलं पाहिजे.

ओमानमध्ये कार्नेट ओमान ऑटोमोबाईल असोसिएशनकडे मिळतं, बाकी देशांत तिथला जो क्लब असेल तो. लागतं काय, तर मुल्किया (तिकडचं गाडीच्या नोंदणीचं कार्ड), पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, गाडीचे फोटो, किमतीचा अंदाज आणि गॅरंटी. गॅरंटी गाडीची किंमत आणि ज्या देशात जायचं तिथली ड्युटी यावर ठरते, आणि भारताची ड्युटी जबरदस्त असल्यामुळे रक्कम ऐकून घाम फुटतो, त्यामुळे नवी कोरी महागडी गाडी आणायच्या ऐवजी चार-सहा वर्षं वापरलेली आणली तर बरंच हलकं पडतं. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी घ्या, ती मिळायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात. आणि गाडी तुमच्या नावावर असू द्या. भावाच्या नावावरची गाडी मी आणतो असं म्हणणाऱ्यांना मालकाचं रीतसर अधिकारपत्र लागतं, आणि आणणारा स्वतः भारताबाहेर राहणारा हवा. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाने जाऊन भावाची गाडी घेऊन यायची, असं या मार्गाने होत नाही.

पुस्तक हातात आलं की घरी बसून चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, सीट किती, सुटे टायर किती, सगळं गाडीवरच्या नंबरशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. इथे एक अक्षर चुकलेलं न्हावाशेवा बंदरात कळलं तर दुरुस्तीसाठी पुस्तक परत मस्कतला पाठवावं लागेल आणि कंटेनरचं भाडं रोज चढत राहील. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी देशात शिरताना कस्टम्सवाले एक भाग फाडून घेतात आणि वरच्या स्थळप्रतीवर शिक्का मारतात, बाहेर पडताना दुसरा भाग फाडतात आणि त्याच स्थळप्रतीवर दुसरा शिक्का. तुमच्याकडे उरते ती स्थळप्रत, आणि तिच्यावर दोन शिक्के असले तरच ते पान पूर्ण झालं. दोन शिक्के. हे मी पुढे परत सांगणार आहे कारण माझं तिथेच अडलं.

जहाजात चढवायच्या आधी गाडीतून काय काय काढायचं हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाळवंटात फिरणाऱ्यांच्या गाडीत थुरायाचा सॅटेलाइट फोन पडलेला असतो, तो भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, विसरूनसुद्धा ठेवू नका. ड्रोन नको, बाहेरचा ड्रोन आणायला बंदी आहे. काचांची काळी फिल्म मस्कतला चालते, इकडे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिल्म लावायला मनाई केलीय, ती तिकडेच सोलून टाका नाहीतर प्रत्येक नाक्यावर शिट्टी वाजणार. पुढे लावलेला जाड लोखंडी बुलबार पण काढा, २०१७ पासून इथे त्याच्यावर कारवाई होते. गाडीत घरचं सामान, खजुराचे डबे, भाच्यांचे कपडे भरू नका, कार्नेट गाडीचं आहे सामानाचं नाही. पेट्रोल टाकीत अगदी थोडं ठेवा, बॅटरीची वायर काढायला सांगा, चाकाखाली लाकडी ठोकळे लावणार असतील तर ते प्रक्रिया केलेले, शिक्का असलेले लाकूड आहे का विचारा, कारण कच्च्या लाकडावर इकडे किडीच्या भीतीने अडवतात. वीस फुटी कंटेनरमध्ये एक गाडी बसते, ओळखीत अजून कोणी आणत असेल तर चाळीस फुटीत दोन बसवून भाडं वाटून घेता येतं, पण मग दोघांची कागदपत्रं एकदम तयार पाहिजेत, एकाचं अडलं की दुसऱ्याचंही अडलं.

मस्कत शहरातल्या बंदरातून मालाची जहाजं २०१४ मध्येच सोहारला हलवली, त्यामुळे गाडी सोहारपर्यंत स्वतः चालवत न्यायची. समुद्रातला प्रवास थोड्या दिवसांचा असतो, वेळ जातो तो दोन्हीकडच्या बंदरांच्या गेटवर. न्हावाशेव्याला क्लिअरिंग एजंट नेमताना एकच प्रश्न विचारा, की कार्नेटवर आलेली गाडी तुम्ही याआधी कधी सोडवली आहे का, आणि हो म्हणाला तर कुठली, कधी, ते सांगायला लावा. रोजचा माल सोडवणारे एजंट हुशार असतात पण कार्नेट त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं जात नाही. शिपिंग कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, मग सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवायच्या गोदामात, कंटेनर उघडणं, मग कस्टम्स अधिकारी गाडीचे नंबर पुस्तकाशी ताडून बघणार, मग तुमचं हमीपत्र की सहा महिन्यांच्या आत गाडी परत नेतो, आणि मग शिक्का. तुम्ही स्वतः पासपोर्ट घेऊन हजर राहा. जहाज लागायच्या दोन दिवस आधी भारतात पोचा, कारण फुकटचे दिवस मोजकेच मिळतात आणि त्यानंतर डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) आणि जागेचं भाडं सुरू होतं.

सहा महिने म्हणजे गाडी उतरल्यापासून सहा महिने, रस्त्यावर आल्यापासून नाही. जास्त लागणार असतील तर मुदत संपायच्या आधी अर्ज करा, तुमच्या क्लबला कळवा आणि मुंबईत चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनशी बोला, ही संस्था १९१९ पासूनची आहे आणि कार्नेटचं काम त्यांना माहीत आहे. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला काही अर्थ राहत नाही. (उलट बाजूने, म्हणजे आपली एमएच ०८ ची गाडी परदेशात न्यायची असेल तर कार्नेट याच संस्थेकडून मिळतं, आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओत, फॉर्म ४ए भरून, एक वर्षासाठी.)

आता रस्त्यावरचे नियम. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने परदेशी नोंदणीच्या खाजगी गाड्यांसाठी वेगळे नियमच काढले, त्याआधी प्रत्येक पोलीस आपापल्या अंदाजाने बोलायचा. त्यानुसार गाडीत कायम ठेवायचं ते असं, गाडीची नोंदणी म्हणजे आपलं मुल्किया, चालू लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट जे लागू असेल ते, चालू इन्शुरन्स, आणि तुमच्या देशात लागत असेल तर पीयूसी. कागद इंग्रजीत नसतील तर देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेलं इंग्रजी भाषांतर सोबत हवं. मुल्कियावर इंग्रजी असतंच, पण बाकीचे कागद नुसते अरबीत असतील तर ते काम तिकडेच उरकून या, गुहागरात बसून ते होणार नाही. या नियमांची प्रिंट काढून मी डॅशबोर्डमध्ये ठेवली होती आणि महाड, चिपळूण, हातखंबा, तिन्ही ठिकाणी ती दाखवल्यावर पोलीस शांतपणे वाचून सोडत होते, उलट दोघांनी त्याचा फोटो काढून घेतला. मूळ कार्नेट मात्र घरी कपाटात, गाडीत फक्त रंगीत झेरॉक्स.

त्याच नियमांत असंही आहे की परदेशी गाडीने इथले प्रवासी आणि माल वाहायचा नाही. म्हणजे वडाप नाही, कोणाच्या आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवायच्या नाहीत, शेजारच्या लग्नाची वरात नाही. मी तर घरच्या माणसांपलीकडे कोणालाच बसवलं नाही.

इन्शुरन्सचं नीट ऐका. आखातातली पॉलिसी इकडे चालत नाही, तिकडे ऑरेंज कार्ड नावाचं विम्याचं कार्ड मिळतं तेही अरब देशांपुरतंच असतं. इथे थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे आणि ती इथल्या कंपनीचीच घ्यायची. अडचण अशी की कंपनीच्या कॉम्प्युटरला एमएच असलेला नंबर हवा असतो आणि तुमच्याकडे तो नसतो. मला दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी शाखेतल्या बाईंनी कार्नेटची प्रत आणि चासी नंबर वर पाठवून थोड्या मुदतीची पॉलिसी करून दिली, त्यात आठ दिवस गेले. म्हणून हे काम गाडी समुद्रात असतानाच सुरू करा. पॉलिसी हातात नसताना सीएफएसच्या गेटबाहेर गाडी काढू नका, पनवेलपर्यंतच जायचंय म्हणून सुद्धा नाही.

आणि सगळ्यात अवघड नियम, जो मला घरात सांगताना जड गेला. कार्नेटवरची गाडी इथे राहणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची नाही. विकायची नाही, भाड्याने नाही, उसनी नाही, आणि चालवायलाही नाही. आपल्याकडे गाडी दारात आली की चुलतभाऊ म्हणतो जरा एसटी स्टँडपर्यंत चक्कर मारून येतो, आपणही चावी देतो, त्यात आपल्याला काही वाटत नाही. पण त्या चकरेत कुठे घासली, पंचनामा झाला, तर चालवणारा इथला रहिवासी हे कागदावर येतं आणि अख्खी गॅरंटी धोक्यात. बाबांना हे सांगायचं होतं. ज्या माणसाने ३२ वर्षं परशुराम घाटात एसटी चढवली-उतरवली त्याला म्हणायचं की तुम्ही हात लावायचा नाही. मी दोन दिवस बोललोच नाही, शेवटी त्यांच्यासमोर कागद ठेवले, त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, बरोबर आहे, डेपोची गाडी मी तरी कोणाला देत होतो का.

पण मग झालं असं की डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत बाबा बसले उजव्या सीटवर, म्हणजे नेमके जिथे ते आयुष्यभर बसले तिथे, आणि डावं स्टिअरिंग कोकणात चालवायची खरी युक्ती हीच आहे, उजवीकडे जाणता माणूस बसवा. तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेले असता, त्यामुळे गटार, चिऱ्याचा गडगा, साइडपट्टीचा उतार सगळं तुम्हाला उत्तम दिसतं, पण पुढे ट्रक असला की समोरून काय येतंय ते तुम्हाला काहीच दिसत नाही. गाडी अर्धी बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही आणि अर्धी बाहेर काढणं हाच अपघात. बाबा नुसतं एवढंच बोलायचे, थांब, थांब, वळण आहे, हां आता घे. एकटे असाल तर ओव्हरटेक करूच नका, पुढच्या ट्रकपासून चांगलं लांब राहा, जेवढं लांब तेवढा रस्ता जास्त दिसतो. चौपदरी झालेल्या भागात त्रास नाही, त्रास आहे तो आतल्या रस्त्यांवर, चिपळूण-गुहागर, सागरी महामार्गाचे अरुंद तुकडे, पुलावर समोरून एसटी आली तर. पहिले दोन दिवस डाव्या हाताला जास्त जागा सोडायची सवय जात नाही आणि गाडी नकळत मधे सरकते, ते सोबतच्याला लक्ष ठेवायला सांगा.

डाव्या स्टिअरिंगला कायद्याने बंदी नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे इंडिकेटर चालू आणि नीट हवेत एवढंच. हेडलाइटचं मात्र कोणी लक्षात घेत नाही. उजवीकडून चालणाऱ्या देशांच्या गाड्यांचा प्रकाश उजव्या कडेला थोडा वर चढतो, तिकडे त्या बाजूला फुटपाथ असतो, इकडे त्या बाजूने माणसं येतात. म्हणजे लो बीमवर असूनही समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यात लाइट जातो. काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात त्या लावा किंवा गॅरेजमध्ये लाइट खाली करून घ्या. मी पहिल्याच रात्री माणगावच्या पुढे लोक डीपर मारायला लागले तेव्हा जागा झालो आणि तिथेच मुक्काम केला.

वायपरचं रबर आखाताच्या उन्हात वाळून कडक झालेलं असतं आणि तिकडे ते कधी लागतच नाही, इकडच्या पहिल्या सरीला काच नुसती पुसट होते. पावसाळ्यात येत असाल तर नवीन रबर आणि नीट खोल नक्षीचे टायर हे आधी. पेट्रोल आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं मिळतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याबद्दल काय लिहिलंय ते निघायच्या आधी वाचा. फास्टॅग इथल्या आरसीवर निघतो, तो तुमच्याकडे नसणार, रोख दिला तर टोल दुप्पट पडायचा, नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने दिला तर सव्वापट, आणि खिडकी उजवीकडे असते म्हणून पैसे उजवीकडच्या माणसाकडे द्या. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत चढवताना बोटवाला उजव्या काचेशी येऊन हातवारे करतो, त्याला आधीच सांगा की ड्रायव्हर इकडे आहे.

आम्ही शिमग्यापर्यंत राहिलो, पालखी अंगणात नाचली, मग गाडी परत न्हावाशेव्याला. आणि इथे मी चुकलो. येताना मी प्रत्येक टेबलाशी उभा होतो, जाताना विमानाची वेळ गाठायची म्हणून पुस्तक एजंटच्या माणसाकडे दिलं, त्याने दोन दिवसांनी कुरिअरने पाठवलं. मस्कतला पाकीट उघडलं तर स्थळप्रतीवर येतानाचा शिक्का होता, जातानाचा नव्हता. गाडी माझ्या डोळ्यांसमोर पार्किंगमध्ये उभी, पण कागदाप्रमाणे ती अजून भारतात. फोनवर फोन केले, आज बघतो उद्या बघतो.

असं झालं तर घाबरून नवीन काही सोंग करू नका, रस्ता आहे. गाडी आता कुठे आहे याचा दाखला, लोकेशन सर्टिफिकेट, असा एक फॉर्म कार्नेटलाच जोडलेला असतो. तुमच्या देशातला कस्टम्स किंवा पोलीस अधिकारी गाडी प्रत्यक्ष बघून, चासी नंबर ताडून त्यावर सही-शिक्का करतो. ओमानात कस्टम्स पोलिसांच्याच खात्यात येतं त्यामुळे एकाच ठिकाणी झालं. सोबत मी बिल ऑफ लेडिंग (गाडी जहाजावर चढवल्याची जहाज कंपनीची पावती), शिपिंग बिलाची प्रत आणि सोहारला गाडी सोडवल्याची पावती जोडली आणि सगळं क्लबकडे दिलं. तरी चार महिने गॅरंटी अडकून राहिली, आणि ते सगळं न्हावाशेव्याच्या एका टेबलावर दहा मिनिटं थांबलो असतो तर वाचलं असतं. परतीचं विमान गाडी कंटेनरमध्ये सील झाल्यानंतर निदान तीन दिवसांनी ठेवा, शिक्का स्वतः मारून घ्या, तारीख वाचा, तिथल्या तिथे फोटो काढा, फाडलेल्या भागाचा पण काढा.

मग पुस्तक लगेच क्लबला परत द्यायचं, वापरलं नसलेल्या पानांसकट, आणि पोच घ्यायची. क्लब सगळं तपासून डिस्चार्जचं पत्र देतो, ते आल्यावरच बँक गॅरंटी सुटते. त्या पत्राची एक प्रत गाडीच्या मुल्कियासोबत ठेवा, एक घरी. माझी दुसरी प्रत बाबांनी मागून घेतली, ती त्यांनी त्यांच्या जुन्या एसटीच्या लायसन्सबरोबर ट्रंकेत ठेवलीय.